हाताला गुण नसलेली माझी आई

कमलआत्याचं लोणचं पावसाळा काढायचं, हिवाळा काढायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्या कैऱ्या बाजारात आल्या तरी तिच्या बरणीच्या तळाशी चार फोडी शिल्लक असायच्या, त्याही करकरीत. माझ्या आईच्या लोणच्यावर गणपती यायच्या आत पांढरी बुरशी धरायची. यामागचं कारण आमच्या घरात, आमच्या इमारतीत आणि नवीन पनवेलच्या त्या अख्ख्या सेक्टरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याच्या हाताला गुण होता आणि आईच्या हाताला नव्हता. आई बीएस्सी झालेली होती, तीही रसायनशास्त्र घेऊन. पण हाताचा गुण हा धडा तिच्या पुस्तकात नव्हता, त्यामुळे तिलाही दुसरं काही कारण सुचत नव्हतं.

कमलआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जुन्या पनवेलमधल्या एका शाळेत तिने सगळी नोकरी मराठी आणि शिस्त हे दोन विषय शिकवण्यात घालवली. शिस्त वेळापत्रकात नव्हती, ती आत्या स्वखुशीने शिकवायची. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिने आमच्याच इमारतीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. ‘जवळ असलेलं बरं,’ असं ती म्हणाली. कुणासाठी बरं, ते तिने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. बाबा तळोज्याला एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे शंभर माणसांवर ओरडून ते घरी यायचे आणि दोन बायकांमध्ये बसून वर्तमानपत्र वाचायचे. जेवताना त्यांच्या ताटात डावीकडे दोन लोणची असायची, एक आत्याकडून आलेलं आणि एक आईने घातलेलं. बाबा एका घासाला हे आणि एका घासाला ते, असे काटेकोर जेवायचे. कुठलं चांगलं झालंय असं विचारलं की म्हणायचे, ‘दोन्ही आपापल्या जागी छान आहेत.’ त्या काळी सरकारंही अशीच बोलायची आणि तशीच टिकायची.

आई अमरावतीची. तिकडची कोरडी हवा, तिकडचं ऊन, आणि तिकडचं ‘का’च्या जागचं ‘काऊन’ आणि ‘करून राहिली’ हे सगळं ती माहेरून घेऊन आली होती. त्यातलं ऊन पनवेलला पोचेपर्यंत घामट झालं, बाकीचं शाबूत राहिलं. तिच्या लोणच्यात बडीशेप असायची, तिला ती सोप म्हणायची. जाडसर भरडलेली मोहरी, मेथी, अख्ख्या लसणाच्या पाकळ्या आणि फोडी पोहतील इतकं तेल. आत्याच्या लोणच्यात तेल देवाच्या समईत घालतात तेवढंच. तिचं सगळं वैभव फेसलेल्या मोहरीत. ती मोहरी दगडी खलात पाण्याचा थेंब न लावता इतका वेळ फेसायची की तिच्या दारावरून जाणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. मग हिंग, हळद, आणि पहिल्या घासाला कानशिलं सुन्न. आत्याने आईच्या लोणच्याची पहिली फोड चाखली ती माझ्या जन्माआधी, पण तिचा अभिप्राय मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकला की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. ‘जेवण झाल्यावर खायची बडीशेप तुम्ही जेवतानाच खाता होय? वेळ वाचत असेल.’ त्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली होती, ‘आणि यांची मोहरी नाकातून टाळूत जाते. मग काय टाळूनं जेवायचं बाप्पा?’

मे महिन्यात एक रविवार कैऱ्यांचा असायचा. पनवेलच्या बाजारातून बाबा राजापुरी कैऱ्यांच्या पिशव्या आणायचे, एक आत्याची, एक आमची. कैऱ्या धुऊन, पुसून, जुन्या धोतराच्या कापडावर पंख्याखाली पसरल्या की घरात चालायला जागा उरायची नाही. अडकित्त्याखाली कोय फुटल्याचा कटकन आवाज, बाहेर महामार्गावरच्या ट्रकचे हॉर्न, आणि निखाऱ्यावर टाकलेल्या हिंगाचा धूर. त्या धुरावर बरणी उपडी धरायची. आई ते सगळं इतकं मन लावून करायची की हा गुण नसलेला हात कुठे लपवलाय असं मला वाटायचं. फोड अन् फोड कोरडी. मीठ भाजून घेतलेलं. तेल तापवून पूर्ण गार केलेलं. शेवटी बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा बांधून ती बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर चढवायची आणि खाली उतरून हात जोडायची. देवाला की बरणीला, कळायचं नाही.

आणि मग दर रविवारी, संध्याकाळचा चहा झाला की, आत्या तीन मजले चढून लोणचं बघायला यायची. ‘मुरतंय का बघू,’ म्हणायची. आई बरणी उतरवून द्यायची. आत्या चमच्यांच्या डब्यातून एक चमचा घ्यायची, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळायची, ओठ किंचित मुडपायची आणि बेसिनच्या नळाखाली तो चांगला विसळून मगच बरणीत घालायची. आमच्या घरातला एकही चमचा तिला न विसळता चालायचा नाही. आईला त्यातला अपमान दर वेळी दिसायचा. तिचे कान लाल व्हायचे, ती ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी लावत बसायची. अपमान इतका स्वच्छ दिसत होता की चमच्यावरचं पाणी काही तिला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. माणसाला दुखावलं की त्याचं निरीक्षण कसं कच्चं होतं, हे मला पुढे नोकरीत अनेक साहेबांनी शिकवलं. पहिला धडा आमच्या स्वयंपाकघरातला होता.

गणपतीच्या सुमारास आई बरणी उघडायची आणि वर पांढरी लव. आत्या मान हलवायची. ‘तू करतेस मनापासून, सुलभा. पण हाताला गुण लागतो. तो जन्मताच मिळतो, शिकून येत नाही.’ एखाद्या नापास मुलाच्या आईचं सांत्वन करावं तशी ती बोलायची. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, ‘हवाच दमट आहे.’ तळमजल्यावरच्या आत्याकडे हीच हवा होती, किंबहुना जास्त दमट होती, हे कुणी बोललं नाही.

घरात होतं तोवर ठीक होतं. पण आत्याला गोष्टी स्वतःपाशी ठेवायची सवय नव्हती, ती सबंध जन्म वर्गाला उद्देशून बोलत आली होती. हळूहळू इमारतीतल्या बायकांना कळलं. कुणी काही वाईट बोललं नाही. आमची सोसायटी सुशिक्षित होती, तिथे वाईट बोलत नसत, गोड बोलूनच बाजूला करत. गौरीच्या जेवणाला आई मदतीला गेली की ‘तुम्ही बसा हो, तुम्ही रोज करताच.’ कुणाकडे पापड लाटायला गेली की ‘तुम्ही फक्त गप्पा मारा.’ पहिल्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या पाटीलवहिनींच्या मुलीचं डोहाळजेवण होतं तेव्हा आई सकाळीच पदर खोचून गेली. पाटीलवहिनींनी तिच्या हातातलं लाटणं अलगद काढून घेतलं आणि तिला गजरे करायला बसवलं. ‘तुमचा फुलांचा हात काय सुंदर आहे!’ आईने गजरे केले. घरी आली, साबणाने हात धुतले, पुसले, आणि बराच वेळ तळहाताकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, ‘काय झालं?’

‘काही नाही. पाहून राहिली, काय आहे बाप्पा यांच्यात.’

त्या वर्षी तिने कैऱ्या मागवल्याच नाहीत. दुकानातलं बाटलीबंद लोणचं आणलं आणि ते वाटीत काढून बाटली कचऱ्यात खोल दाबली. कैऱ्यांचा रविवार आला तसा गेला. बाबांच्या ताटात दोन लोणची होतीच, त्यामुळे त्यांना फार काही जाणवलं नाही. मी तेव्हा बारावी होऊन कॉलेजात गेले होते, मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं होतं, आणि जगात काही तरी मोठं घडतंय आणि ते पनवेलच्या बाहेर आहे अशी माझी खात्री होती. एक बाई आपल्याच हातांना घाबरायला लागली आहे ही गोष्ट मला फार मोठी वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी महिला मंडळाने ठरवलं की इमारतीत इतक्या प्रांतांच्या बायका आहेत तर सगळ्यांच्या लोणच्यांचं प्रदर्शन भरवावं. मंडळाची अध्यक्ष अर्थातच कमलआत्या. लोणचं हा शब्द लवणशाकावरून आला असं सांगून तिने कार्यक्रमाला ‘लवणशाकोत्सव’ असं नाव दिलं. ते कुणाला नीट उच्चारता आलं नाही आणि बॅनर छापणाऱ्याला वाचता आलं नाही. त्याने ‘लग्नशाकोत्सव’ असं छापून आणलं. दुसरा करायला वेळ नव्हता म्हणून तोच गेटवर लागला आणि पुढचे काही दिवस शेजारच्या सोसायटीतले लोक लग्न कुणाचं आहे म्हणून विचारत राहिले.

आई भाग घेणार नव्हती. तिला तयार केलं ते खालाने. खैरूनखाला दुसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा कुवेतला, माहेर उरणला मोऱ्याच्या धक्क्यापाशी. तिच्याकडे कोलंबीचं लोणचं व्हायचं, लालभडक, व्हिनेगरमध्ये मुरलेलं. माहेरून कोलंबी आली की तिच्या जिन्यावर मांजरांची सभा भरायची. ती आईला म्हणाली, ‘घाला वो वहिनी. बुरशी आली तर आली. माझ्या कोलंबीला सोबत होईल. नायतरी तिच्याजवळ कोण बसणार हाय?’

खालाचं बरोबर होतं. तिच्या बरणीवरून मंडळाची सभा चांगली तासभर चालली. शेवटी ठरलं की शाकाहारी लोणची सोसायटीच्या ऑफिसात फळीवर ठेवायची आणि ‘इतर’ लोणची बाहेर, मीटरच्या खोलीपाशी, वेगळ्या टेबलावर. ‘इतर’ हा शब्द आत्याचा. ‘इतर’ लोणची म्हणजे एकच बरणी होती. ज्यांच्या घरून रविवारी मटणाच्या रश्श्याचा वास जिना चढून आमच्यापर्यंत यायचा त्या पाटीलवहिनींनीही यावर गंभीरपणे मान डोलावली. मटण खाणं वेगळं आणि लोणच्यात कोलंबी घालणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं पडलं. काय वेगळं, ते मला अजून कळलेलं नाही.

आईच्या बरणीवरही चर्चा झाली. ती तिच्यासमोरच झाली. आत्या म्हणाली, ‘ठेवू दे तिला. विदर्भ हवाच. चवीसाठी नाही, नकाशासाठी.’ आणि नकाशाला चाखायचं काय, म्हणून त्या वर्षी दर रविवारी ती नुसता चहा पिऊन खाली गेली, आईला बरणी उतरवायला लावली नाही.

प्रदर्शन श्रावणातल्या एका रविवारी होतं. त्याआधी पंधरवडाभर बरण्या ऑफिसात जमा करायच्या होत्या, कारण ‘सगळी लोणची एकाच हवेत मुरली तरच निकाल न्याय्य’ असा आत्याचा नियम होता. माझं अक्षर बरं म्हणून प्रत्येक बरणीवर लावायचे पुठ्ठ्याचे फलक माझ्याकडे आले, त्यामुळे मी संध्याकाळी तिथेच असायचे. गुजराती जयाबेनचा छुंदा, केशराचे धागे दिसणारा. आंध्रच्या रावमॅडमचं आवकाय, नुसत्या रंगाने घाम फुटावा असं. पाटीलवहिनींच्या भरलेल्या मिरच्या. केरळच्या एका नवीन लग्न झालेल्या मुलीने बोटाच्या पेराएवढ्या अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून आणल्या होत्या. एका पंजाबी आजींचं मोहरीच्या तेलातलं लोणचं होतं, त्याचा वास ऑफिसातल्या जुन्या फायलींना लागला तो सोसायटीचं नोंदणीपत्र काढताना अजून येतो म्हणतात. मध्यभागी, स्टुलावर, आत्याची बरणी. आणि एका टोकाला, खिडकीपाशी, नकाशापुरता विदर्भ.

रोज संध्याकाळी दिवे लागले की आत्या परीक्षणाला यायची. एका हातात स्टीलचा चमचा, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. एकेक दादरा सोडायची, चमचाभर चाखायची, डोळे मिटायची, आणि चमचा पेल्यातल्या पाण्यात खळखळून पुढच्या बरणीत. ‘आत्या, हे कशाला?’ मी एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘चवी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून. परीक्षण शास्त्रशुद्ध हवं.’ ते वाक्य मी घरी जेवताना सगळ्यांना ऐकवलंही. स्वतःची बरणी ती उघडायची नाही, परीक्षकाने स्वतःला गुण देणं बरं दिसत नाही म्हणून. आईची बरणीही उघडायची नाही. ‘तिची चव मला माहीत आहे,’ म्हणायची. आणि बाहेर मीटरच्या खोलीपाशी तर ती साडी आवरून, श्वास रोखून, वळसा घालूनच जायची. जयाबेन, रावमॅडम, पाटीलवहिनी, सगळ्या तिथे कधी ना कधी उभ्या राहून हे बघत होत्या. यातल्या प्रत्येकीने स्वतःच्या घरात ओल्या चमच्यावरून मुलांना धपाटे घातले असतील. पण बाई अध्यक्ष होत्या, निवृत्त शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या हाताला गुण होता. अशा माणसाच्या हातातलं पाणी सहसा कुणाला दिसत नाही.

रविवारी सकाळी नगरसेविकाबाई उद्घाटनाला यायच्या होत्या. त्याआधी वाट्या भरून ठेवायच्या म्हणून सगळ्या बायका भरजरी साड्या नेसून ऑफिसात जमल्या. जयाबेनने आपला दादरा सोडला आणि ‘हाय हाय’ असं म्हणून मागे सरली. छुंद्यावर फेस होता आणि त्यातून बुडबुडे येत होते. पाटीलवहिनींच्या मिरच्यांना राखाडी केस फुटले होते. आवकायाच्या तेलाखाली पांढरी साय धरली होती. केरळच्या मुलीच्या कैऱ्या मऊ पडून बरणीच्या तळाशी बसल्या होत्या, ती बिचारी रडायलाच लागली. पंजाबी आजींनी वास घेतला आणि बरणी पदराखाली झाकली, घरात कुणी गेल्यावर आरसा झाकतात तशी. एकेक करत सगळ्या बरण्या उघडल्या. आत्याचं लोणचं ठणठणीत होतं. शेवटी कुणी तरी खिडकीपाशी गेलं आणि आईची बरणी उघडली. वर तेल आरशासारखं स्वच्छ. बडीशेपेचा वास खोलीभर पसरला.

आई पुढे झाली, बरणीत वाकून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद यायला सुरुवात झाली होती, पण तो पूर्ण यायच्या आतच सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

‘सगळ्यांची गेली आणि हिची राहिली,’ पाटीलवहिनी म्हणाल्या. त्या कुणाशीच बोलत नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

‘नजर लागेली छे,’ जयाबेन म्हणाली आणि मग मराठीत, आम्हाला कळावं म्हणून, ‘नजर हो, नजर.’

आत्याने घसा साफ केला. ‘मी कुणाचं नाव घेणार नाही,’ ती म्हणाली आणि माझ्या आईकडे बघितलं. नाव न घेण्याची तिची हीच पद्धत होती, वर्गातही ती चोरी कुणी केली हे न सांगता एकाच बाकाकडे बघत राहायची. ‘पण एका खोलीत ठेवायला नको होतं. माझीच चूक. हाताचा अवगुण हवेतूनही पसरतो.’

आता हे वाक्य लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा त्या खोलीतल्या पदवीधर बायकांनी, त्यात एक बँकेत होती आणि एक नर्स होती, या वाक्यावर मान हलवली. ज्यांची लोणची टिकली नाहीत त्यांचा दोष जिचं टिकलं तिच्या माथी, असा हिशेब त्यांना पटला.  आईचे हात पदरात गेले. मला वाटलं ती आता बरणी उचलेल आणि वर निघून जाईल, आणि पुन्हा कधीही कैरीला हात लावणार नाही.

दारातून खालाचा आवाज आला. तिची बरणी बाहेर असल्यामुळे ती बाहेरच उभी होती. ‘माझी पन राहिली,’ ती म्हणाली. ‘बघा येऊन. ताजी हाय. कोलंबी असून राहिली.’ मग जरा थांबून, तिच्या नेहमीच्या सरळ आवाजात, ‘बिघडंल कशी? कोन चाखायला आलं का तिला?’

कुणी लक्ष दिलं नाही. आईने दिलं. मी बघत होते. आईने खालाकडे बघितलं, मग स्टुलावरच्या आत्याच्या बरणीकडे, मग आपल्या बरणीकडे. मग टेबलाच्या कोपऱ्यावर आत्याचा तो पेला होता, आदल्या संध्याकाळचं पाणी, त्यात तेलाचे लाल-पिवळे डोळे तरंगत होते, आणि त्यात चमचा. आई शांतपणे तिथे गेली. चमचा पाण्यात खळखळून काढला, निथळवलासुद्धा नाही, आणि थेंब गाळत तो आत्याच्या उघड्या बरणीवर धरला.

‘अगं! अगं ए!’ आत्या अशी ओरडली की बाहेर सुटलेला बॅनर पुन्हा बांधणारा वॉचमन आत डोकावला. तिने बरणी छातीशी ओढून घेतली. ‘ओला चमचा घालतेस माझ्या लोणच्यात? अक्कल आहे का काही? वर्षभराचं लोणचं नासवशील माझं!’

आई चमचा तसाच धरून उभी राहिली. त्यातून एक थेंब फरशीवर पडला.

‘काऊन वन्सं?’ ती म्हणाली. ‘विसळून घेतला नं. नाही तर चवी एकमेकीत मिसळून राहिल्या असत्या.’

 मग रावमॅडमनी, ज्या इतकी वर्षं पनवेलात राहून मराठीत क्वचितच बोलायच्या, एकेक शब्द जुळवत विचारलं, ‘ओला चमचा तुमच्यात चालत नाही, तर माझ्यात कसा चालला?’

आत्या बरणी घट्ट धरून उभी होती.   मला आजही वाटत नाही की तिने कधी काही मुद्दाम केलं. ओला चमचा लोणच्याला चालत नाही हे तिला चांगलं माहीत होतं, पण तो नियम तिच्या मनात तिच्या लोणच्याचा होता. इतरांची लोणची तिला तपासायची होती, टिकवायची नव्हती. तपासणाऱ्या माणसांचं बऱ्याचदा असंच असतं.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि नगरसेविकाबाई आल्या. त्यांनी आधी नवरी कुठे आहे विचारलं. मग विविध प्रांतांच्या लोणच्यांची म्हणून त्यांना तीन लोणची दाखवण्यात आली. आत्याचं चाखून त्यांना ठसका लागला, आईचं त्यांनी दोनदा घेतलं, आणि ‘इतर’ टेबलापाशी त्या एवढा वेळ रमल्या की शेवटी खालाने बरणीच त्यांच्या गाडीत ठेवून दिली. एकात्मतेवर दोन शब्द बोलून त्या गेल्या.

इमारतीने पुढे काय केलं, ते सांगण्यासारखं आहे. माफी कुणी मागितली नाही. आठवडाभरात सगळ्यांचं मत झालं की आम्हाला आधीपासूनच शंका होती. बाबा म्हणाले, ‘हवाही दमट होतीच म्हणा.’ आणि पाटीलवहिनी एके दिवशी वर आल्या, हातात लिंबांची परात. ‘सुलभाताई, जरा तुमचा हात लावता का? तुमच्या हाताला काय गुण आहे हो!’ मला वाटलं आई आता हसून त्यांना परत पाठवेल, तिला तर खरं कारण कळलं होतं. पण तिने हात पुसले आणि परातीत घातले, अगदी गंभीर चेहऱ्याने, एखादा बुवा प्रसाद देतो तसे. पुढे ती सवयच झाली. इमारतीत कुणाचंही लोणचं असो, आईचा हात लागल्याशिवाय बरणीत जायचं नाही. काही दिवसांनी तर ती मला सांगायला लागली की केरळच्या त्या मुलीच्या हाताला काही गुण दिसत नाही बाप्पा. मी म्हटलं, ‘आई, तू बीएस्सी ना?’ ती म्हणाली, ‘मग? बीएस्सीचा आणि हाताचा काय संबंध?’

आत्या वर यायची बंद झाली. रविवारचा चहा तिच्या घरीच व्हायला लागला. बाबा खाली जाऊन तिला भेटून यायचे आणि दोन्ही मजल्यांवर सगळं ठीक आहे असं सांगायचे. मंडळाच्या सभांना ती जायची, पण मागच्या खुर्चीवर बसायची, आणि कुणाचं व्याकरण चुकलं तरी गप्प राहायची. बायका तिच्याकडे बघून एकमेकींना कोपराने खुणावायच्या, अगदी त्याच सुशिक्षित पद्धतीने ज्या पद्धतीने आईला गजरे करायला बसवलं होतं. ते आईला दिसत होतं. एकदा सभेहून आल्यावर तिने चपला जरा जोरात काढल्या.

पुढच्या मे महिन्यात कैऱ्यांच्या रविवारी आमची बेल वाजली. दारात आत्या होती, घामाघूम, कैऱ्यांची पिशवी घेऊन. ती आत आली, पिशवी ओट्यापाशी ठेवली. आई मोहरी भरडत होती, ती थांबली. 

‘यंदा माझ्यातही मीठ तूच घाल,’ आत्या म्हणाली.

आईने भुवई उचलली. ‘काऊन? तुमचा हात दुखून राहिला काय?’

आत्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. त्याच हाताने तिने ती जड पिशवी तीन मजले चढवून आणली होती.

‘हो,’ ती म्हणाली. ‘कालपासून जरा दुखतोय.’

आईने पंख्याखालची खुर्ची रिकामी केली, आत्याला तिथे बसवलं आणि पिशवीतल्या कैऱ्या एकेक करून पुसायला घेतल्या.